मँचेस्टर ईव्हनिंग न्यूज : घर चालवणारं सायंदैनिक

मार्च २०१० मध्ये ‘मँचेस्टर ईव्हनिंग न्यूज’ विकलं गेलं, तेव्हा किंमत जाहीर झाली ४ कोटी ४८ लाख पौंड. सोबत तीसएक स्थानिक पत्रंही गेली. आकडा ऐकायला बरा वाटतो, पण त्यात रोख पैसे होते फक्त ७४ लाख. उरलेले ३ कोटी ७४ लाख पौंड कोणी कोणाच्या हातात ठेवलेच नाहीत. पत्र आधीपासूनच खरेदीदार कंपनीच्या छापखान्यात छापलं जात होतं आणि छपाईचा करार लांब मुदतीचा होता. विक्रीबरोबर विकणाऱ्याची त्या करारातून सुटका झाली. पुढची बिलं भरावी लागणार नाहीत, ती रक्कम किमतीत धरली गेली. ऐन भरात रोज चार लाखांवर खपणारं हे पत्र होतं.

विकणारा होता ‘गार्डियन’चा समूह. तो एका ट्रस्टच्या मालकीचा, आणि ट्रस्टची ख्याती अशी की तो नफ्याच्या मागे न लागता पत्रकारिता जपतो. मग या ट्रस्टनं आपल्याच जन्मगावचं पत्र असं का देऊन टाकलं? मँचेस्टरमध्ये हा प्रश्न तेव्हा रागानं विचारला गेला, अजूनही विचारला जातो. त्याचं उत्तर २०१० च्या मंदीत थोडंसंच सापडतं. बरंचसं सापडतं ते ‘ट्रस्ट’ या शब्दात.

पत्राचा जन्म तसा गमतीदार आहे. १८६७ च्या सुधारणा कायद्यानं शहरी कामगारांतल्या बऱ्याच पुरुषांना मत मिळालं आणि पुढच्याच वर्षी सार्वत्रिक निवडणूक आली. मँचेस्टरमधून उभ्या राहिलेल्या एका उमेदवारानं प्रचारासाठी १० ऑक्टोबर १८६८ रोजी अर्ध्या पेनीचं सायंदैनिक काढलं. हे गृहस्थ मूळचे डॉक्टर. वडिलांचा कापडनिर्यातीचा मोठा व्यवसाय वारशानं आल्यावर त्यांनी डॉक्टरी सोडली होती. निवडणुकीत ते पडले आणि पत्रातला त्यांचा रसही संपला. पुढे ते आयर्लंडमधून निवडून आले. तिथे कायलमोरला त्यांनी तळ्याकाठी बांधलेला किल्लेवजा वाडा आज बेनेडिक्टाइन जोगिणींचा मठ आहे आणि पर्यटक तो बघायला गर्दी करतात. आपण कुठल्या वृत्तपत्राच्या संस्थापकाच्या दारात उभे आहोत, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

अर्ध्या पेनीत दैनिक देणं तोवर जमण्यासारखं झालं होतं. वृत्तपत्रावरचा सक्तीचा मुद्रांक १८५५ मध्ये गेला, कागदावरचा कर १८६१ मध्ये. त्यानंतर इंग्लंडच्या गावोगावी स्वस्त दैनिकं निघाली, आणि गिरण्या सुटल्यावर घरी जाणाऱ्या माणसाला सकाळच्या पत्रापेक्षा संध्याकाळचं पत्र सोयीचं होतं.

ज्या पैशातून पत्र निघालं त्या कापडाचं सूत आपल्यापर्यंतही येतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, तेव्हा हिंदुस्थानातला कापूस जहाजं भरभरून गेला आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला. तिकडे मात्र या कापसाला सरसकट ‘सुरती’ म्हणत आणि आखूड धाग्यामुळे कामगार त्याला शिव्या घालत. देवा, कापूस धाड, पण सुरती नको, अशी प्रार्थनाच तेव्हा प्रसिद्ध होती. इचलकरंजीला आपण कौतुकानं महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतो, तेव्हा त्या मँचेस्टरच्या तोंडी आपल्या कापसासाठी काय शब्द होते हे आठवलेलं बरं.

पडलेल्या उमेदवाराकडून पत्र घेतलं ते ‘मँचेस्टर गार्डियन’च्या मालकानं आणि त्याच्या मेहुण्यानं. १८७९ मध्ये ईव्हनिंग न्यूज ब्राउन स्ट्रीटवरून क्रॉस स्ट्रीटवर गार्डियनच्या वास्तूत आलं आणि दोन पत्रांचा एकत्र संसार सुरू झाला. थोरला गंभीर, अग्रलेखांसाठी वाचला जाणारा, परदेशात मान असलेला. धाकटा गावातला: पोलीस कोर्ट, घोड्यांच्या शर्यती, फुटबॉल, महापालिका, नोकरीच्या जाहिराती.

या संसारामागे साधा हिशेब होता. छपाईयंत्र ही वृत्तपत्राची सगळ्यात महाग वस्तू आणि सकाळचं पत्र ते रात्रीचे काही तासच वापरतं. दिवसभर यंत्र बसून. त्याच यंत्रावर दुपारी सायंदैनिक काढलं की यंत्र, इमारत आणि कामगार यांचा खर्च दोघांत वाटला जातो. इंग्लंडच्या कितीतरी शहरांत सकाळ-संध्याकाळच्या जोड्या अशाच जमल्या. बहुतेक ठिकाणी पैसे संध्याकाळचं पत्र मिळवायचं.

सायंदैनिकाचं काम आज समजावून सांगावं लागतं, कारण ते नाहीसंच झालं आहे. सकाळच्या पत्राला एकच मोठी मुदत असते. सायंदैनिकाची पहिली आवृत्ती दुपारच्या आत बाहेर पडायची, मग तासादोनतासांनी पुढची, मग शेवटची. प्रत्येक वेळी पहिलं पान बदलायचं. न्यायालयात सकाळी उभा राहिलेला साक्षीदार दुपारच्या अंकात छापून यायचा. बातमीदार टेलिफोनवरून मजकूर तोंडी सांगायचा, पलीकडे टंकलेखक तो बडवायचा, जुळारी ओळी लावायचे. एवढं करूनही शर्यतीचा निकाल आवृत्ती निघाल्यावरच लागायचा. त्यासाठी पानावर ‘स्टॉप प्रेस’ नावाचा एक रकाना कोरा सोडलेला असे आणि यंत्राला ‘फज’ नावाची एक छोटी पेटी जोडलेली असे. निकाल आला की त्या पेटीत दोन-चार ओळी बसवायच्या. मुख्य पानाला हात न लावता त्या कोऱ्या जागेत उमटायच्या, बहुधा जराशा तिरक्या. घोड्यांची तीन नावं आणि भाव. त्यासाठी माणसं पत्र विकत घेत.

१९०५ मध्ये मालक वारला आणि जोडी फुटली. १९०७ मध्ये गार्डियन त्याच्या संपादकानं विकत घेतलं, त्यासाठी कर्जाचा डोंगर केला. ईव्हनिंग न्यूज मेहुण्याच्या घराण्याकडे राहिलं. हे संपादक १८७२ पासून त्या खुर्चीत होते आणि १९२९ पर्यंत राहिले. ‘मत मांडायला मोकळीक आहे, पण वस्तुस्थिती पवित्र आहे’ हे इंग्रजी पत्रकारितेतलं सर्वांत जास्त वेळा उद्धृत होणारं वाक्यही त्यांचंच. त्यांची तत्त्वं सगळ्यांना पाठ असतात, त्यांचा जमाखर्च मात्र कोणी बघत नाही. सायंदैनिकाच्या कमाईशिवाय गार्डियन चालवणं किती ओढाताणीचं आहे हे या मधल्या वर्षांत कळून चुकलं. व्यवस्थापन बघणाऱ्या त्यांच्या मुलानं १९२० च्या दशकात ईव्हनिंग न्यूज परत घरात आणलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. त्याला ना पुतळा, ना दिनविशेष.

आता ट्रस्ट.

वृद्ध संपादक १ जानेवारी १९३२ रोजी वारले. त्यांच्यानंतर संपादक झालेला मुलगा त्याच वर्षी एप्रिलमध्ये विंडरमियर तलावात नाव उलटून बुडाला. चार महिन्यांत घरातली दोन माणसं गेली. हाती राहिला तो व्यवस्थापन बघणारा भाऊ. इंग्लंडमध्ये मृत्यूनंतर संपत्तीवर जबर कर बसायचा. आपणही गेलो तर कर भरण्यासाठी पत्रं विकावी लागतील, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. म्हणून १९३६ मध्ये त्यानं दोन्ही पत्रांतली आपली मालकी विश्वस्तांच्या नावे करून टाकली. स्वतःच्या मालमत्तेवर स्वतःहून पाणी सोडायचं ही कल्पना इंग्लिश कायद्याच्या पचनी पडणारी नाही, असं सल्ला देणाऱ्या वकिलानं त्याला सांगितलं होतं म्हणतात. १९४८ मध्ये करकायदा बदलला तेव्हा नवा दस्त करावा लागला.

आपल्याकडे ट्रस्ट म्हटलं की देवस्थान, शाळा, रुग्णालय आणि धर्मादाय आयुक्त डोळ्यांसमोर येतात. ‘केसरी’ही ट्रस्टकडे आहे, त्यामुळे वृत्तपत्र आणि ट्रस्ट ही जोडी आपल्याला विचित्र वाटत नाही. पण मँचेस्टरचा ट्रस्ट धर्मादाय नव्हता. करापासून आणि वारसांच्या भांडणांपासून मालमत्ता वाचवण्याचा तो खाजगी मार्ग होता. त्यागाची भावना खरीच होती, ती नाकारायचं कारण नाही. पण ज्यासाठी तो त्याग झाला ती वस्तू कोणती, हे बारकाईनं बघायला हवं.

विश्वस्तांचं मुख्य उद्दिष्ट पुढे ज्या शब्दांत पक्कं झालं त्याचा आशय असा: गार्डियनचं आर्थिक आणि संपादकीय स्वातंत्र्य कायमचं राखायचं, ते कुठल्याही पक्षाला न बांधलेलं राष्ट्रीय दर्जाचं पत्र म्हणून चालवायचं, आणि त्याची उदारमतवादी परंपरा सोडायची नाही. या वाक्यात एकाच पत्राचं नाव आहे. ईव्हनिंग न्यूज ट्रस्टच्या घरात होतं, पण ज्याच्या रक्षणासाठी घर बांधलं ते पत्र हे नव्हतं. दस्ताच्या दृष्टीनं सायंदैनिक ही शेती, आणि गार्डियन हे त्या शेतीवर चालणारं देवस्थान. शेती विकायला विश्वस्तांना कोणी अडवलेलं नव्हतं. देवाची सोय होत असेल तर शेती विकणं हे उलट त्यांचं कर्तव्यच ठरलं असतं.

मँचेस्टरमध्ये मात्र अनेक पिढ्या असं समजत आल्या की ट्रस्ट दोन्ही पत्रांचा आहे. कर्मचाऱ्यांचा समजही तसाच, आणि समूहानं तो दूर करण्याची घाई कधी केल्याचं दिसत नाही. दोन्ही पत्रांचा संसार एका छताखाली होता, नफा एकाच तिजोरीत जात होता, आणि आपणही त्या थोर परंपरेचे भाग आहोत या भावनेवर लोक कमी पगारातही राबत होते. २०१० मध्ये ज्यांना फसल्यासारखं वाटलं त्यांनी दस्त वाचला नव्हता हे खरं. पण वृत्तपत्राच्या कचेरीत कामाला लागताना दस्त कोण वाचतो?

आणखी एक गुंता आहे. २००८ मध्ये हा ट्रस्ट कायद्यानं ट्रस्ट राहिलाच नाही, त्याची मर्यादित कंपनी झाली. साध्या ट्रस्टला मुदतीचं बंधन असतं, कंपनी अनिश्चित काळ चालते, म्हणून हा बदल केला, असं सांगितलं गेलं. कारण पटण्यासारखं आहे. नावात ‘ट्रस्ट’ हा शब्द तसाच राहिला. म्हणजे २०१० ची विक्री झाली ती ट्रस्ट हे नाव लावणाऱ्या एका कंपनीच्या मालकीतून.

हे सगळं समोर ठेवून मागे वळून पाहिलं की १९५९ ची गोष्ट वेगळी दिसू लागते. त्या वर्षी २४ ऑगस्टला ‘मँचेस्टर गार्डियन’नं नावातून ‘मँचेस्टर’ काढून टाकलं. बहुतांश वाचक शहराबाहेरचे होते, राष्ट्रीय जाहिरातदाराला गावाचं नाव असलेलं पत्र प्रांतिक वाटायचं, अशी कारणं होती. १९६१ मध्ये लंडनमध्ये छपाई सुरू झाली, १९६४ मध्ये संपादकांचं बिऱ्हाडही तिकडे हललं. लंडनला जाणं फार महाग पडलं. यंत्र दुसऱ्याचं, वितरण नवं, जाहिराती अपुऱ्या. १९६० च्या दशकाच्या मध्यावर तोटा इतका वाढला की समूहाच्या अध्यक्षानं ‘टाइम्स’मध्ये विलीन होण्याची बोलणी करून पाहिली. संपादकानं आणि काही विश्वस्तांनी ती हाणून पाडली. या लढ्याची कथा गार्डियनप्रेमी आवडीनं सांगतात. त्या काळात पगार कुठून झाले, हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली येतो. ते क्रॉस स्ट्रीटवरच्या सायंदैनिकातून झाले.

शहराचं नाव आता धाकट्याच्याच माथी राहिलं होतं, आणि त्याचे हे भराचे दिवस होते. मँचेस्टर तेव्हा लंडनच्या खालोखाल वृत्तपत्रांचं शहर होतं. लंडनच्या बड्या दैनिकांच्या उत्तरेकडच्या आवृत्त्या इथे निघत, आणि विदी ग्रोव्हचा छापखाना युरोपातला सर्वांत मोठा समजला जाई. (तिथे आज सिनेमागृहं आणि उपाहारगृहं आहेत, नाव मात्र ‘प्रिंटवर्क्स’.) संध्याकाळची दोन पत्रं एकमेकांशी झुंजत: ईव्हनिंग न्यूज आणि ‘ईव्हनिंग क्रॉनिकल’. १९६३ मध्ये क्रॉनिकल ईव्हनिंग न्यूजमध्ये विलीन झालं आणि मैदान मोकळं झालं.

त्या वृत्तपत्री शहराची घनता किती होती हे ६ फेब्रुवारी १९५८ च्या गुरुवारी दिसलं. बेलग्रेडहून परतणाऱ्या मँचेस्टर युनायटेडचं विमान म्युनिकच्या बर्फाळ धावपट्टीवर कोसळलं. २३ माणसं गेली, त्यांत ८ खेळाडू. तेवढेच, म्हणजे ८, पत्रकारही होते. ईव्हनिंग न्यूजचा, क्रॉनिकलचा आणि मँचेस्टर गार्डियनचा असे तिन्ही पत्रांचे फुटबॉल वार्ताहर त्यांत होते. ज्यांच्या नावानं शनिवारी पानं वाचली जात ते सगळे एका दुपारी नाहीसे झाले, आणि कचेरीत उरलेल्यांना त्याच दिवशी अंक काढायचा होता.

१९७० मध्ये ईव्हनिंग न्यूज डीन्सगेटवर नव्या इमारतीत गेलं. क्रॉस स्ट्रीटची जुनी वास्तू पाडली गेली आणि त्या पट्ट्यात अर्नडेल हे प्रचंड बाजारसंकुल उभं राहिलं. पुढची वीस-पंचवीस वर्षं म्हणजे छोट्या जाहिरातींचा सुकाळ. नोकरी, घर, जुनी गाडी, भाड्याची खोली, लग्न, मृत्यू: शहरात काहीही घडायचं असेल तर आधी ते ईव्हनिंग न्यूजच्या बारीक टायपातल्या रकान्यांतून जायचं. एका पानाला अग्रलेखापेक्षा किती तरी पट जास्त पैसे मिळवून देणारी ही पानं संपादकीय विभाग क्वचितच वाचायचा.

१५ जून १९९६ ला आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेनं अर्नडेलच्या शेजारी, कॉर्पोरेशन स्ट्रीटवर मालमोटारीत बॉम्ब उडवला. सुमारे १,५०० किलोचा. आधी इशारा मिळाल्यामुळे हजारो माणसं हलवली गेली होती, त्यामुळे कोणी मेलं नाही, दोनशेहून अधिक जखमी झाले, शहराचा मध्य मात्र उद्ध्वस्त झाला. खटला कोणावरच भरला गेला नाही. १९९९ मध्ये ईव्हनिंग न्यूजनं फुटलेल्या कागदपत्रांच्या आधारे, पोलिसांचा ज्याच्यावर संशय होता त्याचं नाव छापलं. मग कागद फोडल्याचा आरोप एका पोलीस अधिकाऱ्यावर ठेवला गेला. त्याची २००२ मध्ये निर्दोष सुटका झाली. न्यायालयात बातमीदाराला सूत्राचं नाव विचारलं गेलं, त्यानं ते सांगितलं नाही. स्थानिक पत्र म्हणजे फुलांची प्रदर्शनं आणि हरवलेली मांजरं, असं लंडनमध्ये समजणाऱ्यांना हे प्रकरण दाखवावं.

मधल्या काळात पैशाची वाट बदलत होती. नोकरीच्या, घरांच्या आणि गाड्यांच्या जाहिराती एकामागून एक इंटरनेटवर गेल्या. समूहानं उपाय करून पाहिले. २००० मध्ये शहरासाठी स्थानिक दूरचित्रवाहिनी काढली, ती २०१२ मध्ये बंद झाली. १९९८ मध्ये शहरातल्या मोठ्या क्रीडागृहाला पत्राच्या आद्याक्षरांचं नाव दिलं: एमईएन अरीना. २००६ मध्ये कचेरी स्पिनिंगफील्ड्सच्या चकचकीत भागात गेली. आणि त्याच वर्षी एक विचित्र प्रयोग झाला. तोच अंक, त्याच दिवशी, शहराच्या मध्यभागी फुकट आणि बाहेर विकत. म्हणजे पिकॅडिलीला पत्र हातात कोंबलं जायचं, आणि ट्रॅममधून चार-पाच थांबे पुढे उतरलं की दुकानात त्याचेच पैसे पडायचे. जाहिरातदारांना दाखवायला वाचकसंख्या फुगली. पण एकदा फुकट मिळालेल्या अंकाला पैसे द्यायची सवय परत लागत नाही, हे कोपऱ्यावरच्या कुठल्याही पेपरवाल्यानं सांगितलं असतं. मार्च २००९ मध्ये १५० जागा कमी करायची घोषणा झाली आणि आजूबाजूच्या गावांतली साप्ताहिकांची कार्यालयं बंद करायचं ठरलं. वर्षभरात विक्री.

विक्रीच्या बाजूनं बोलायचं तर, पत्र तेव्हा खरोखरच आजारी होतं आणि गार्डियनही तोट्यात होतं. ज्याच्यासाठी घर बांधलं त्याला वाचवायचं तर शेती काढणं भाग होतं, असं म्हणता येतं. समूहानं साधारण तेच म्हटलं.

पण एक गोष्ट या युक्तिवादात येत नाही. जुन्या गाड्यांच्या ज्या जाहिराती ईव्हनिंग न्यूजच्या पानांवरून गेल्या, त्या गेल्या कुठे? मोठ्या प्रमाणात ‘ऑटो ट्रेडर’कडे. हे आधी जाहिरातींचं साप्ताहिक होतं, मग संकेतस्थळ झालं, २०१३ मध्ये छापील अंक बंद करून पूर्णपणे इंटरनेटवर आलं. आणि त्यात अनेक वर्षं मोठी मालकी याच समूहाची होती. २००७ मध्ये जवळजवळ निम्मा हिस्सा विकला, उरलेला २०१४ मध्ये ६० कोटी पौंडांहून अधिक किमतीला. त्यातूनच गार्डियनच्या मागे आज एक अब्ज पौंडांहून मोठा निधी उभा आहे. सायंदैनिक आटलं, पण त्याच्या छोट्या जाहिरातींचं पीक दुसऱ्या खळ्यावरून त्याच घरात आलं. ऑटो ट्रेडरचं मुख्यालय आज मँचेस्टरमध्येच आहे, हा योगायोग.

यात कोणी कट केला असं मला सुचवायचं नाही. प्रत्येक निर्णय त्या त्या वेळी शहाणपणाचा होता. पण हिशेब मांडायचाच तर १९२० च्या दशकापासून पुढची अनेक दशकं एका पत्रानं दुसऱ्याला पोसलं, आणि पोसणाऱ्याला शेवटी ७४ लाखांत निरोप मिळाला. २०२३ मध्ये गार्डियननं आपल्या संस्थापकांच्या कापूसधंद्याचा आणि त्यामागच्या गुलामगिरीचा संबंध शोधून जाहीर माफी मागितली, त्यासाठी मोठा कार्यक्रम हाती घेतला. ते योग्यच झालं. मँचेस्टरबद्दल त्या दिवसांत भरपूर लिहिलं गेलं. सायंदैनिकाचा उल्लेख त्यात शोधावा लागतो.

नव्या मालकानं २०१० मध्ये संपादकीय विभाग शहरातून उचलून ओल्डहॅमकडच्या चॅडर्टनमध्ये, आपल्या छापखान्याजवळ नेला. मँचेस्टरचं पत्र मँचेस्टरबाहेर गेलं. क्रीडागृहावरून पत्राचं नाव २०११ मध्ये उतरलं, लोकांच्या तोंडून मात्र नाही. २२ मे २०१७ च्या रात्री तिथे आत्मघाती हल्ला होऊन २२ जण मारले गेले, तेव्हा घाबरलेले आईबाप समाजमाध्यमांवर ‘एमईएन अरीना’ असंच लिहीत होते. आत गेलेल्यांत पुष्कळ मुलं होती. पत्रानं दुसऱ्या दिवशीच मदतनिधीचं आवाहन केलं. ते पुढे महापालिकेच्या आणि एका मदतसंस्थेच्या निधीत मिळालं आणि एकूण रक्कम २ कोटी पौंडांच्या वर गेली. त्या आठवड्यात चॅडर्टनच्या बातमीदारांनी जे काम केलं, ते लंडनहून आलेल्या कुठल्याही चमूला जमण्यासारखं नव्हतं. कुठल्या शाळेतली मुलगी, कुठल्या गल्लीतलं घर, कोणाला फोन करायचा आणि कोणाला करायचा नाही, हे त्यांना माहीत होतं.

त्यानंतरची वाट सगळीकडच्यासारखीच. संकेतस्थळ ब्रिटनमधल्या प्रादेशिक पत्रांत सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्यांपैकी एक झालं, पण त्यावर मँचेस्टरशी काडीचा संबंध नसलेल्या दूरचित्रवाणीतल्या तारकांच्या बातम्याही दिसू लागल्या, कारण मालक कंपनीचं उत्पन्न क्लिकवर चालतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या कंपनीनं देशभरात ४५० जागा कमी करायचं जाहीर केलं. शहरात २०२० पासून ईमेलनं येणारं एक छोटं वर्गणीपत्र सुरू झालं आहे. ते कमी पण लांब लेख देतं आणि पैसे वाचकांकडून घेतं.

छापील ईव्हनिंग न्यूज अजून निघतं, खप काही हजारांत. दुपारच्या आवृत्त्या नाहीत, कोरा रकाना नाही. अंक रात्रीच छापला जातो आणि सकाळी दूध घ्यायला गेलं की दुकानात मिळतो.